धावल्याने पैसे कसे जमतात? मदतनिधीच्या मॅरेथॉनचा हिशोब

२०२५च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ५६ हजार ६४० जणांनी शर्यत पूर्ण केली आणि त्या एका दिवसाच्या निमित्ताने समाजकार्यासाठी ८ कोटी ७३ लाख पौंड गोळा झाले. दरवर्षी भरणाऱ्या आणि एका दिवसात आटोपणाऱ्या कार्यक्रमांपैकी इतका निधी जगात दुसरीकडे कुठे जमत नाही. अशी बातमी वाचली की मनात एक साधा प्रश्न येतो, पण तो विचारायला बरेच जण संकोचतात: धावल्याने पैसे येतात तरी कुठून? सुताराने दिवसभर काम केलं तर संध्याकाळी खुर्ची उभी राहते. ४२ किलोमीटर धावून मात्र काहीच तयार होत नाही. माणूस दमतो, घरी येतो, दोन दिवस जिना उतरताना कठडा धरतो. मग या सगळ्यात पैसा नेमका कुठल्या दाराने आत येतो?

मी असा निधी एकदा जमवला आहे, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी. तोवर माझाही समज असा होता की धावपटू जे प्रवेशशुल्क भरतात, त्यातलंच काही दान होत असणार. तसं जवळपास कुठेच नसतं. प्रवेशशुल्क बहुतेक ठिकाणी शर्यत भरवण्यातच संपतं: रस्ते बंद ठेवणं, पाणी, वैद्यकीय पथकं, वेळ मोजण्याच्या चिप.

पैसा येतो ओळखीतून

निधीचा उगम आहे तो धावणाऱ्याने टाकलेल्या शब्दात. तो नातेवाइकांना, मित्रांना, कचेरीतल्या सहकाऱ्यांना, जुन्या वर्गसोबत्यांना सांगतो की मी अमुक दिवशी मॅरेथॉन धावणार आहे, अमुक संस्थेसाठी, तुम्ही फूल ना फुलाची पाकळी द्या. प्रत्येक जण जमेल तेवढं देतो. हल्ली हे पैसे इंटरनेटवरच्या निधीपानावर, म्हणजे त्या धावपटूच्या नावाने उघडलेल्या देणगीच्या पानावर जमा होतात आणि तिथून संस्थेकडे जातात.

एखाद्याला कर्ज हवं असेल तर सावकार जामीन मागतो. जामीनदार स्वतः एक पैसाही देत नाही, पण आपली पत पणाला लावतो आणि त्या भरवशावर पैसे मिळतात. मदतनिधीसाठी धावणारा माणूस जवळजवळ हेच करतो. ज्या मुलांना देणारा कधी भेटणार नाही, त्यांच्यासाठी तो जामीन राहतो. देणाऱ्याची संस्थेशी ओळख नसते, धावणाऱ्याशी असते. तो विचार करतो की ही व्यक्ती यासाठी चार-पाच महिने पहाटे उठते आहे, म्हणजे तिने या कामाची काहीतरी खात्री करून घेतली असणार.

म्हणूनच मागण्याच्या पद्धतीवर खूप काही ठरतं. मी सुरुवातीला एकच लांबलचक संदेश लिहिला आणि दीडशे जणांच्या गटात टाकला. चार अंगठे आले, देणगी एकही नाही. गटाला विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी देईल. मग एका रविवारी वही घेऊन बसलो, साठ नावं काढली आणि प्रत्येकाला वेगळा संदेश लिहिला. ज्याच्याशी दहा वर्षं बोललो नव्हतो, त्याला आधी ख्यालीखुशाली विचारली आणि पैशांचं दोन दिवसांनी लिहिलं. साठातल्या एकेचाळीस जणांनी दिले. संदेश पाठवायच्या आधी बोट थांबायचं, भीड वाटायची. मागणं सोपं नसतं, आणि निधी जमवण्यातलं खरं कष्टाचं काम तेच आहे असं मला अजूनही वाटतं.

आणखी एक बारकावा. निधीपानावर आधीच्या देणग्या सगळ्यांना दिसतात, आणि येणारा माणूस त्या पाहून आपला आकडा ठरवतो. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंच्या निधीपानांचा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं: आधीच्या देणग्या मोठ्या असतील तर नंतर येणारेही हात सैल सोडतात. त्यामुळे अनुभवी लोक पहिला संदेश सगळ्यात जवळच्या आणि मोकळ्या हाताच्या माणसाला पाठवतात.

पण मॅरेथॉनच का, सहल का नाही?

पैसा मागण्यातूनच येत असेल, तर त्यासाठी पाय दुखवून घेण्याची काय गरज? क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की निधीचा मार्ग सोपा आणि मजेचा असण्यापेक्षा कष्टाचा आणि वेदनेचा असेल, तर लोक जास्त द्यायला तयार होतात. या कलाला त्यांनी ‘हौतात्म्याचा परिणाम’ असं नाव दिलं. आणि हा कल सगळीकडे सारखा नसतो. माणसांचं दुःख कमी करण्याचं काम असेल तिथे तो ठळक दिसतो, बागबगीच्यासारख्या आनंदाच्या कामासाठी तो फिका पडतो. दुःखासाठी कुणी दुःख सोसतंय, हे मनाला पटतं.

मॅरेथॉनमधला त्रास खराखुरा असतो, आणि तो शरीराच्या रचनेतूनच येतो. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. ही खिशातली रोकड समजा: लगेच खर्च करता येते, पण मोजकीच असते. चरबी म्हणजे बँकेतली मुदत ठेव. रक्कम भरपूर, पण मोडून हातात यायला वेळ लागतो. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला जवळपास २,९५० किलोकॅलरी हव्यात, आणि रोकड असते सुमारे २,०००. चरबी वाटेत थोडाफार हातभार लावते, तरी तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत कुठेतरी खिसा रिकामा होतो. पाय शिशाचे होतात, साधी बेरीज जमत नाही, उगाच रडू येतं. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मला ती चौतिसाव्या किलोमीटरला लागली. समोरच्या पाटीवरचा आकडा दिसत होता, पण किती उरले हे डोक्यात जुळेना.

मात्र देणारे वेगाचे पैसे देत नाहीत. फौजा सिंग यांनी २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन ६ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. ते धावले होते ‘ब्लिस’ या संस्थेसाठी, जी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी काम करते. विजेत्याने शर्यत संपवली, तेव्हा त्यांची निम्मी वाटही झाली नव्हती. त्यांच्या त्या धावण्याची आठवण आजही निघते.

संस्थांकडे शर्यतीच्या जागा कुठून येतात?

नामांकित शर्यतींत धावायचं म्हटलं तरी जागा मिळत नाही. २०२५च्या लंडन मॅरेथॉनसाठी ८ लाख ४० हजारांहून जास्त लोकांनी सोडतीत नाव टाकलं होतं. जागेची ही टंचाईच मदतनिधीच्या यंत्रणेचं इंधन बनली.

आयोजक काही जागा समाजसेवी संस्थांना विकतात. त्यांना चॅरिटी जागा म्हणतात. संस्था ती जागा अशा धावपटूला देते जो ठरावीक रक्कम जमवण्याची हमी देतो. लंडनमध्ये ही रक्कम साधारणपणे २,००० पौंडांच्या आसपास असते. संस्थेने जागेसाठी मोजलेले पैसे वजा जाता उरलेलं तिच्या कामाला. लंडनमध्ये अशी योजना १९९३ पासून चालू आहे. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रूस क्लीलँड या गृहस्थांनी ३८ धावपटूंचा गट बांधला आणि न्यूयॉर्क मॅरेथॉन धावून रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. त्यांच्या लहान मुलीला हाच आजार झाला होता. पुढे त्यातूनच ‘टीम इन ट्रेनिंग’ ही मोठी चळवळ उभी राहिली: संस्था सराव शिकवणार, धावणारा निधी आणणार.

सोडतीत स्वतःची जागा मिळालेल्यालाही निधी जमवता येतो, आणि त्याच्यावर रकमेचं बंधन नसतं. पहिल्यांदा धावणाऱ्याने शक्यतो हाच मार्ग धरावा, असं माझं मत आहे. हमी दिलेली रक्कम जमली नाही तर काही ठिकाणी फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. ती अट करारात कुठे लिहिली आहे ते सही करण्याआधी वाचा. शेवटच्या महिन्यात गुडघा आणि आकडा दोन्हींची काळजी करत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

शंभरातले किती पोचतात?

देणाऱ्याच्या मनातली खरी शंका ही असते, आणि ती रास्त आहे. टाकीपासून नळापर्यंत पाणी येताना वाटेत सांधे असतात. तसे इथे तीन-चार सांधे आहेत. निधीपान चालवणारी कंपनी आणि कार्डाचा व्यवहार करणारी बँक आपला वाटा घेतात, किंवा देणाऱ्याकडे वेगळी ‘टिप’ मागतात. त्या टिपेचा आकडा आधीच भरलेला असतो, तो शून्य करता येतो, आणि ती संस्थेला जात नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चॅरिटी जागा असेल तर तिची किंमत वजा होते. मग संस्थेचा निधी गोळा करण्याचा आणि कार्यालयाचा खर्च येतो. उलट बाजूने भरही पडते. अनेक देशांत देणगीवर करसवलत आहे. ब्रिटनमध्ये ‘गिफ्ट एड’ योजनेत करदात्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देतं.

कार्यालयीन खर्च शून्य असावा असा हट्ट मात्र धरू नये. श्रवणयंत्र मुलाच्या कानाला बसवायला तज्ज्ञ लागतो, वर्षभराने ते पुन्हा जुळवून द्यायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो. प्रश्न खर्च किती याचा नसून तो उघडपणे सांगितला जातो का, याचा आहे. नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, मागच्या वर्षी काय केलं याचा अहवाल, हे मागितल्यावर जी संस्था कपाळाला आठी घालते तिच्यासाठी मी जामीन राहणार नाही.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. धावणाऱ्याचा प्रवास, हॉटेल, बूट, प्रवेशशुल्क यांतलं काहीही देणग्यांतून होऊ नये. तिथे पदरमोडच करावी. संस्थेकडून प्रवासखर्च घेऊन दूरदेशी शर्यतीला जाणं काही ठिकाणी नियमात बसतं. तसं करत असाल तर निदान मागतानाच ते स्पष्ट सांगा. ‘तुमच्या शंभरातले तीस माझ्या प्रवासाला जातील’ हे वाक्य लिहिताना जीभ अडखळत असेल, तर उत्तर तुम्हाला मिळालं.

एवढा खटाटोप कशाला, सरळ पैसेच द्या की

हा आक्षेप घरातूनच येतो. बूट, आहार, सरावाचे तास यांवर जे गेलं तेच संस्थेला दिलं असतं तर? हिशोब करून पाहू. माझी स्वतःची देण्याची ऐपत १ मानली, तर एकेचाळीस जणांकडून मिळून जमले त्याच्या सुमारे १४ पट. यातले काही जण ते पैसे एरवी दुसऱ्या चांगल्या कामाला देणार होते, हे मान्य करायला हवं. सगळा निधी नवा असतो असं म्हणणं खोटं ठरेल. पण माझ्या यादीतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी त्याआधी श्रवणयंत्रासाठी कधी काही दिलं नव्हतं. लहान मुलाचं यंत्र काही वर्षांनी बदलावं लागतं, ऐकू न आल्याने त्याचं बोलणंही मागे पडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. दोघांनी पुढच्या वर्षी मी न मागता पुन्हा दिले.

ज्याला धावायचंच नाही त्याने सरळ द्यावं. ते कणभरही कमी नाही.

हा मिरवण्याचा प्रकार नाही का?

थोडा असतो. गळ्यात पदक, छायाचित्र, शाबासकी, हे सगळं धावणाऱ्याला हवंसं वाटतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गुप्तदानाला आपल्याकडे मोठा मान आहे, तो योग्यच आहे. पण निधी जमवणं गुप्तपणे करताच येत नाही, कारण मागण्यासाठी तोंड उघडावं लागतं. मी एवढंच पाहतो: संदेशात ‘मी’ किती वेळा येतं आणि ज्यांच्यासाठी मागतोय त्यांचा उल्लेख किती वेळा. आणि मदत घेणाऱ्यांचे दीनवाणे फोटो लावू नयेत. त्या मुलाने उद्या मोठं होऊन ते पान पाहिलं तर त्याला काय वाटेल, हे आधी मनाशी विचारावं.

जिवाला धोका किती?

मॅरेथॉनमध्ये कुणी कोसळल्याची बातमी आली की घरचे घाबरतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींचा अभ्यास झाला. त्यांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे लाखात एकाहूनही कमी. अर्धमॅरेथॉनपेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये प्रमाण जास्त होतं आणि त्यांत पुरुष अधिक होते. धोका लहान आहे, पण आहे. छातीत दुखणं, चक्कर, घरात हृदयविकार, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.

निधीसाठी धावणाऱ्यांनी विशेष जपायची गोष्ट वेगळीच आहे: पाणी. कमी नव्हे, जास्त. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. भरमसाट पाणी प्यायल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. ते फार उतरलं तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांत हे जास्त दिसलं, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. निधीसाठी धावणारे बहुतेक जण पहिल्यांदाच आणि सावकाश धावतात, म्हणजे नेमके याच गटातले. तहान लागेल तेवढंच प्या. शर्यतीनंतर वजन वाढलेलं असेल तर पाणी जास्त झालं, एवढं साधं आहे.

सरावाला निदान चार-पाच महिने ठेवा, आणि आधी काहीच धावत नसाल तर वर्ष. त्याबद्दल लिहिलेलं पुष्कळ मिळतं, म्हणून इथे थांबतो.

आणि शर्यत पूर्ण झालीच नाही तर?

पैसे घेतले आणि पाऊल मुरगळलं तर काय, या विचाराने अनेक जण दुखरा पाय घेऊन धावतात. दिलेला शब्द इथे उलटा गळ्याशी येतो. ज्यांना ही भीती वाटते त्यांना मी टेरी फॉक्सची गोष्ट सांगतो.

कॅनडातल्या या मुलाला अठराव्या वर्षी हाडाचा कर्करोग झाला आणि १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स गावी, कृत्रिम पाय समुद्राच्या पाण्यात बुडवून निघाला. संपूर्ण देश धावत ओलांडायचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायचा, असा त्याचा बेत होता. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. चांगल्या पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायावर एक पाऊल, असं त्याचं धावणं. सुरुवातीला रस्ते रिकामे होते. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या, जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावाने त्याला दहा हजार डॉलरहून जास्त दिले. माणशी एक डॉलर! त्यातूनच त्याची मागणी ठरली: प्रत्येक कॅनडियनाने एक डॉलर द्यावा.

त्याने जवळपास दोन-तृतीयांश वाट कापली. १ सप्टेंबरला, १४३ दिवसांनी आणि ५,३७३ किलोमीटरनंतर, थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. ठरलेला पल्ला अपुरा राहिला, आणि पैशांचा खरा ओघ सुरू झाला तो त्यानंतर. आठवडाभरात दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातून १ कोटी डॉलरहून जास्त आले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलरवर गेला, तेव्हाच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतका. माणशी एक डॉलर झाला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेव्हा २३ वर्षांचाही पूर्ण झाला नव्हता. त्याच सप्टेंबरपासून त्याच्या नावाची दौड दरवर्षी भरते. तीत स्पर्धा नसते, विजेता जाहीर होत नाही, कुणी चालत आलं तरी चालतं.

देणाऱ्यांनी अंतराची किंमत मोजलेली नसते. थांबावं लागलं तर त्यांना त्याच दिवशी खरं कळवा, पैसे संस्थेकडे पोचलेत हे सांगा. परत हवे असतील त्यांना ते मिळवून देण्याची तयारी ठेवा. मागणारे फार थोडे निघतात.

शर्यत संपल्यावर

निधी जमवणारे इथे हमखास चुकतात. आभाराचा एक संदेश जातो, पदकाचा फोटो जातो, आणि मग शांतता. देणाऱ्याला सहा महिन्यांनी कळायला हवं की पैशांचं काय झालं. संस्थेकडून पत्र मागून घ्या: एकूण किती जमले, कापून किती उरले, त्यातून काय आलं. ते जसंच्या तसं सगळ्यांना पाठवा, आकडा मनासारखा नसला तरी.

माझ्या यादीत शाळेतल्या मराठीच्या बाई होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या. सगळ्यात लहान रक्कम त्यांची होती, आणि ती देताना त्यांनी ‘एवढीच जमतेय रे’ असं लिहिलं होतं. मी हिशोबाचा संदेश पाठवला त्या रात्री फक्त त्यांचा फोन आला. “यंत्र दोन्ही कानांना लावतात की एकाच?” मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संस्थेत विचारलं आणि त्यांना कळवलं: बाई, त्या मुलांना दोन्ही कानांना लावली आहेत. एकाच कानाला लावलं तर आवाज कुठल्या बाजूने आला ते नीट कळत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मागून हाक मारली तर वळून बघतील ना?”

हो म्हणालो.